मस्टरवर नसलेली माणसं

नाना गावी गेले ते एका रविवारी सकाळी. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष तेव्हा सुरू व्हायचं होतं. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. त्यांनी पत्र्याची पेटी उचलली, "भाऊच्या वावरावर लक्ष द्यायला कोणी नाही, मला जायला पाहिजे," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मायला सांगितलं, आणि उधना स्टेशनवरून भुसावळकडची पॅसेंजर धरली. मी स्टेशनपर्यंत गेले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात दाखवला आणि लगेच तोंड आत वळवलं. खोकला आला असणार. मला मात्र त्या वेळी राग आला होता, की यांना माझ्याकडे एवढंसं बघवलंसुद्धा नाही.

सुरतेला डिंडोलीत आमच्या दोन खोल्या होत्या. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान, पण डोळे मिटले की मला त्या दोन खोल्या तशाच दिसतात. मागच्या भिंतीला लागून लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं होतं. त्याची खटखट दिवसभर भिंतीतून यायची, भांड्यांच्या फळीवरचे पेले तिच्यावर हलके नाचायचे, आणि वीज गेली की त्या अचानक शांततेने आम्ही दचकायचो. पुढच्या खोलीत माय साड्यांना टिकल्या चिकटवत बसे. काम देणाऱ्या शेठचा टेम्पो साड्यांचे गठ्ठे टाकून जायचा. घरभर गोंदाचा आंबूस वास. पायाला, अंथरुणाला, कधी भाकरीलासुद्धा एखादी टिकली चिकटलेली असे. नाना पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या रंगखात्यात होते. डब्यातून रंगाची पावडर काढायची, तराजूवर तोलायची, बादलीत कालवून मशीनवाल्याला द्यायची, हे काम त्यांनी बारा वर्षं केलं. कामावरून आले की मोरीत किती वेळ हात धुवायचे. पाणी कधी जांभळं जायचं, कधी हिरवं. लहानपणी मी वाकून बघायचे आणि आज कुठल्या साड्या झाल्या ते सांगायचे. ते हसायचे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी माय कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा करी, कधी फुणके आणि कढी. नाना गेल्यावर कितीतरी दिवस ती पीठ तीन माणसांचंच मळत राहिली. उरलेली भाकरी मी डब्यात नेऊ लागले.

घरात आम्ही अहिराणी बोलत असू. इथे मी बरंचसं बोलणं पुस्तकी मराठीत उतरवते आहे, पण काही वाक्यं तशी उतरत नाहीत, ती जशीच्या तशी ठेवते.

नानांना वावर बघायला जायचं नव्हतं, हे मला आणि मायला दोघींनाही माहीत होतं. दोघींनीही ते तोंडातून काढलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा खोकला वाढला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टीबी नाही म्हणून सांगितलं, रंगाच्या धुळीने छाती धरली आहे म्हणाले. पण आमच्या गल्लीत खोकला म्हणजे टीबीच. एका बाईच्या नवऱ्याबद्दल अशी कुजबुज झाली आणि शेठने तिच्या घरच्या साड्या बंद केल्या. माय हे सगळं बघून होती. म्हणून कोणी विचारलं की ती सांगे, "गावले वावर शे ना, तठे ऱ्हातस." आणि मला बजावे, "कोनले काही सांगू नको." मी सांगत नव्हते. कॉलेजात तर नाहीच.

कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, दोन बस बदलून जावं लागे. माझी शाळा मराठी, कॉलेज गुजराती. पहिल्या दिवशी वेळापत्रकात 'आंकडाशास्त्र', म्हणजे आपलं संख्याशास्त्र, असं वाचलं आणि घरी येऊन मायला सांगितलं. तिने हातातली टिकली तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "आकडा लावानं शिकाडतस का व कॉलेजमा?" आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर आकडा लावणारे दोघे-तिघे रोज उभे असत, तिच्या डोळ्यांपुढे तेच आले. मी हसून हसून लोळले. नाना असते तर त्यांनाही हसू आवरलं नसतं. ही गोष्ट त्यांना पत्रात लिहिली होती. त्यांचं उत्तर आलं, चुलतभावाच्या अक्षरात, त्यात फक्त 'मी बरा आहे, काळजी नसावी, अभ्यास करणे' एवढंच होतं. सगळी पत्रं तशीच येत. ते वाक्य वाचताना मला त्यांचा आवाज ऐकायचा असे, आणि ऐकू येई तो चुलतभावाचा.

तो विषय शिकवायला भारतीबेन होत्या. बारीक, उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या, भरभर चालणाऱ्या. त्यांच्या पिशवीत छत्री आणि खाकऱ्यांचा डबा बाराही महिने. वर्गात त्या गणितं कमी सांगत आणि माणसांबद्दल जास्त बोलत. एकदा त्यांनी मला मायच्या टिकल्यांचा डबा आणायला लावला. लाल हलक्या टिकल्या आणि जड पांढरे खडे त्यात एकत्र होते. वरून एक मूठ काढली, सगळ्या लाल. "आता सांगा, डब्यात पांढरे आहेत की नाहीत?" मग डबा जोरजोरात हलवला, पुन्हा मूठ काढली, आणि तीत पांढरे आले. "मुठीत काय आलं ते मोजण्याआधी मूठ कुठून भरली ते विचारा," त्या म्हणाल्या. बाकावर माझ्या शेजारी हेतल बसे, सुरतेचीच गुजराती मुलगी. माझी भाकरी ती खायची, तिचे थेपले मी. मराठी तिला समजायची, बोलताना मात्र सगळी क्रियापदं चुकायची.

दुसऱ्या वर्षी भारतीबेननी डाइंग मिलमधल्या कामगारांच्या श्वासाच्या तक्रारींची पाहणी हाती घेतली. कामगारांत खानदेशी पुष्कळ, म्हणून त्यांना मराठी येणाऱ्या मुली हव्या होत्या. मी नाव दिलं. मिल त्यांनी निवडली ती नेमकी नानांची निघाली. हे मी कोणाला बोलले नाही. पोटात मात्र एक चोरटा आनंद होता, की आता मला त्या फाटकातून आत जायला मिळेल, जिथून नाना बारा वर्षं आत-बाहेर करत होते.

आधी महिनाभर शिकवणी झाली. प्रश्न छापल्याप्रमाणेच वाचायचा. आपलं मत चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. मिलच्या मस्टरवरून सगळ्या कामगारांना नंबर द्यायचे, मग यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसलेल्या, अंकांच्या तक्त्यातून जे नंबर निघतील तेच कामगार घ्यायचे, ओळखीचा नाही, बोलका नाही, हसरा नाही. घराला कुलूप असलं तर शेजारच्या घरात शिरायचं नाही, त्याच घरी पुन्हा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. सरावासाठी मी हेतलला प्रश्न विचारत होते. "जिना चढताना दम लागतो का?" हेतल जरा थांबली. भारतीबेननी टेबलावर पेन आपटलं. "तू मान हलवलीस. ती उत्तर देणार होती, त्याआधी तूच दिलंस." मी म्हटलं, "बेन, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही." त्या म्हणाल्या, "म्हणून तर सांगते."

पाहणी दोन महिने चालली. मिलच्या आत मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाफेने आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं ते मी स्वतःलाही विचारलं नाही. रंगखातं म्हणजे बिनखिडकीची एक खोली. आत एक तरुण माणूस तोंडाला रुमाल बांधून पावडर तोलत होता. त्याच्या डोक्यावर, भुवयांवर निळी साय धरली होती. आम्ही माणसांना चहाच्या हातगाडीवर गाठलं, कोसाडपर्यंत जाऊन घरी गाठलं, कुलपं बघून परत फिरलो आणि पुन्हा गेलो. सगळे कागद जमले, कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात बसून आम्ही रेघा मारून मोजदाद केली. आणि निघालं ते उलटंच. नवीन लागलेल्यांपेक्षा दहा-दहा वर्षं काम केलेल्यांना खोकला कमी. भारतीबेननी दोनदा मोजून घेतलं. तेच आलं. मिलच्या मॅनेजरसाहेबांना त्यांनी ही प्राथमिक गोष्ट सांगितली तेव्हा ते खूश झाले. "मैं तो बोलता था, पुराने लोग पक्के हो जाते हैं." त्यांनी आम्हा सगळ्यांना थंडा पाजला.

मी तो थंडा तसाच ठेवला. मला माहीत होतं ते पक्के झालेले नव्हते. जे टिकले ते उरले होते, आणि टिकले नाहीत ते मस्टरवर नव्हते. ते कोणी नंदुरबारकडे, कोणी शिंदखेड्याकडे, कोणी अमळनेरच्या पुढे आपापल्या गावी खाटेवर बसले होते. पण हे सांगायचं तर मला ते कुठून कळलं तेही सांगावं लागणार होतं. आठ दिवस मी गप्प राहिले. अहवाल टाइप व्हायला जाणार होता. त्या आठ दिवसांत मी मायकडे बघत असे, ती वाकून टिकल्या लावत असे, आणि मला वाटे, गप्प राहिलं तर काय बिघडतं? एक अहवाल. कोण वाचणार आहे?

शेवटी मी गेले. भारतीबेन स्टाफरूममध्ये एकट्याच चहा घेत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बेन, ज्यांना खोकला झाला ते गावी जातात. आपण त्यांना विचारलंच नाही."

"तुला कसं माहीत?"

"माझे वडील त्याच मिलमध्ये होते. रंगखात्यात. बारा वर्षं." आणि मग मला रडू फुटलं. मी दोन वर्षांत कोणासमोर त्यांचं नाव काढलं नव्हतं.

मला वाटलं होतं त्या जवळ घेतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "मी हा विषय इतकी वर्षं शिकवते. मिलने मस्टर आणून दिलं, मी नंबर टाकले. मस्टरवर कोण नाही हे मला विचारायला सुचलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "असे किती असतील?"

"माहीत नाही."

"मग ते शोधायचं, बेटा. आजचं मस्टर नको. जुनं मस्टर घेऊ. तेव्हा जे होते ते सगळे धरू, आज ते कुठेही असोत."

मॅनेजरसाहेब खुशीत होते, त्यांनी जुनं मस्टर शोधून काढायला लावलं. पिवळ्या पडलेल्या पानांवर नावं, आणि नावांपुढे गाव. हेतलने नावांना नंबर दिले. सगळ्यांपर्यंत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून चारांतलं एक घ्यायचं ठरलं. नानांचं नाव मी पाहिलं, त्यांचा नंबर पाठ झाला. यायची शक्यता पाव, न यायची पाऊण, हे मला आता वर्गातल्यासारखं येत होतं. आणि मला कळत नव्हतं की मला काय हवं आहे. तक्ता माझ्या हातात होता. मी अंक वाचायचे, हेतल खूण करायची. एका ओळीच्या मध्ये तो नंबर आला. मी थांबले. पुढचा अंक वाचला असता तर जगात कोणाला कळलं नसतं. हेतलने मान वर करून काय झालं म्हणून विचारलं, "शुं थयुं?" मी तो नंबर वाचला. तिने खूण केली आणि खाली नाव वाचून माझ्याकडे पाहतच राहिली. आडनाव माझं होतं.

मायला सांगितलं तेव्हा तिने साडी बाजूला सारली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "शेठला कळलं तर? घरमालकाला कळलं तर?" मी म्हटलं, "नाव कुठेच येणार नाही माय, फक्त नंबर येईल." ती म्हणाली, "नंबरले खोकला येत नही व. खोकला माणूसले येस." मग तिने साडी पुन्हा पुढे ओढली. मी निघायच्या दिवशी मात्र तिने एका फडक्यात तिळाचे लाडू बांधून दिले आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, खाऊन घ्या, लोकांना वाटत बसू नका."

भारतीबेन, हेतल आणि मी, तिघी त्याच पॅसेंजरने गेलो. व्यारा मागे पडलं, नवापूर गेलं, आणि नंदुरबारनंतर डब्यातलं बोलणं हळूहळू आमच्या घरच्यासारखं होत गेलं. हेतल प्रत्येक स्टेशनची पाटी मोठ्याने वाचत होती. आम्ही पाच-सहा दिवसांत बारा गावं केली. एसटी, बैलगाडी, पायी. एका घरी माणूस वारलेला होता. भारतीबेननी त्याच्या बायकोची परवानगी घेऊन वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. एका घरी माणूस अगदी ठणठणीत होता, भाऊबंदकीमुळे परत आला होता. तोही कागद तितक्याच काळजीने भरला. "तुला वाटतं ते सिद्ध करायला आपण आलो नाही," त्या मला म्हणाल्या. आमचं गाव शेवटच्या दिवशी होतं.

नियम पक्का होता, की स्वतःच्या माणसाचा कागद स्वतः भरायचा नाही. नानांना हेतल विचारणार होती. ते काकांच्या घराच्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठायला गेले आणि अर्ध्यात बसले. "उनी का व पोरी?" आलीस का, एवढंच म्हणाले. किती बारीक झाले होते! पण हातांवरचा रंग गेला होता. मला आठवत होते ते हात असे नव्हतेच. ते स्वच्छ, सुरकुतलेले, शेतकऱ्याचे हात बघून मला काहीतरी हरवल्यासारखं झालं. काकूने पाणी दिलं, बिबड्याचे पापड भाजून आणले. मी अंगणात बाजेवर बसले. भारतीबेन काकूशी बोलत राहिल्या. हेतल नानांबरोबर आत गेली.

ती लवकर बाहेर आली. कागद पुढे केला. "सगळं नाही म्हणतात," ती हळूच म्हणाली. "खोकला नाही. दम नाही. झोप चांगली. आणि बोलताना चार वेळा खोकले."

भारतीबेन म्हणाल्या, "तू काय लिहिलंस?"

"नाही लिहिलं. ते बोलले ते."

"बरोबर केलंस."

मी उठले. "बेन, मी त्यांच्याशी बोलू? कागद न घेता?"

त्यांनी विचार केला. "बोल. कागद कशासाठी आहे ते सांग. काय उत्तर द्यायचं ते सांगू नकोस."

नाना खाटेवर बसले होते, पाठीशी दोन उशा. मी लाडवांचं फडकं पुढे ठेवलं, मायचा निरोप सांगितला. ते हसले, लाडू फोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नाना, त्या मुलीला खरं का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "मी एकलानी सांगीसन काय होनार शे? आणि कोणी वाचलं तर तुम्हाला तिथे त्रास."

मी त्यांना सांगितलं, जसं मला येत होतं तसं. की मस्टरवर इतके लोक होते, सगळ्यांकडे जाता येत नाही, म्हणून चारांतलं एक नाव काढलं. तुमचं निघालं. तुमच्या मागे आणखी तीन माणसं आहेत, ज्यांच्याकडे आम्ही जाणार नाही. तुम्ही जे बोलाल ते त्यांच्याही नावावर लागेल. तुम्ही नाही म्हटलं तर तेही बरे आहेत असं धरलं जाईल. कागदावर नाव नाही, नंबर आहे. आणि नाही सांगायचं असेल तर तसंही चालतं, कोणी रागावणार नाही.

ते लाडवाचे कण वेचत राहिले. "ते तीन कोण?"

"माहीत नाही. कोणीही असतील."

रंगखात्यात त्यांच्याबरोबर असलेल्या एकाचं नाव त्यांनी घेतलं. मग दुसऱ्याचं. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "ओ पोरी, आठे ये. परत इचार."

मी बाहेर आले. अंगणाच्या टोकाला जायला हवं होतं, मी गेले नाही. दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिले. हे चुकीचं होतं. नंतर मी भारतीबेनपाशी ते कबूल केलं. आणि इतकी वर्षं त्या दुपारी ऐकलेलं मी मायखेरीज कुठे बोलले नाही. आता नानाही नाहीत, मायही नाही, लिहिल्याने कोणाचं काही जाणार नाही, म्हणून लिहिते.

हेतल तिच्या मोडक्या मराठीत, छापलेलं अक्षर न अक्षर वाचत होती. नाना सावकाश उत्तरं देत होते. आडवं झोपता येतं का? येत नाही, बसून झोपतो. कधीपासून? गावी यायच्या दोन वर्षं आधीपासून. त्या दोन वर्षांत आम्ही एकाच घरात राहत होतो. ते भिंतीला टेकून बसत आणि म्हणत, मला असंच बरं वाटतं, आणि मी ते खरं धरून झोपून जात असे. थुंकीत रंग दिसायचा का? हो. कोणता? जो दिवसभर तोलला असेल तो. घरच्यांना सांगितलं होतं का? नाही.

मग हेतलने शेवटचा प्रश्न वाचला. काम का सोडलं? त्याच्याखाली पर्याय होते, आजार, कामावरून काढलं, शेती, घरची अडचण, इतर. मला वाटलं आजार म्हणतील.

"कामावर अजून एखादं वर्ष काढलं असतं," ते म्हणाले. "पण घर लहान. पोर अभ्यासाला बसायची. मला खोकला आला की ती वाचायची थांबायची. काही बोलायची नाही. माझा खोकला संपेपर्यंत बोट ओळीवर ठेवून बसायची, मग पुढे वाचायची. किती वेळा थांबणार? म्हटलं, आपण जाऊ."

मग हेतलचा आवाज आला, "काका, मी इतर लिहू?"

"लिख," नाना म्हणाले.

मी अंगणाच्या पार पलीकडे, गुरांच्या गोठ्यामागे जाऊन उभी राहिले. मला ते ओळीवरचं बोट आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी कधी थांबत होते, हे मला माहीतच नव्हतं.

भारतीबेन आणि हेतल दुसऱ्या दिवशी परतल्या, मी चार दिवस राहिले. नानांबरोबर वावरापर्यंत जायचे, ते बांधावर बसायचे, आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. मी त्यांना काही ऐकल्याचं दाखवलं नाही. सुरतेला आल्यावर मायला मात्र सांगितलं, फक्त तो शेवटचा प्रश्न. ती ऐकत राहिली. हातातली साडी तिने पुरी केली, घडी घातली, आणि महिनाभरात शेठचा हिशेब मिटवून गावी गेली. "तू राहशील ना?" एवढंच तिने मला विचारलं. भारतीबेननी हॉस्टेलात माझी सोय केली.

अहवाल लिहिला गेला तो दोन्ही पाहण्या शेजारी-शेजारी मांडून. गावी गेलेले धरले की जुन्या कामगारांचा खोकला कमी राहत नव्हता, कितीतरी वर जात होता. मॅनेजरसाहेबांनी पुन्हा थंडा पाजला नाही. वर्षभराने त्या मिलच्या रंगखात्याला एक खिडकी पाडली आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. शेजारच्या मिलमध्ये काहीच झालं नाही. भारतीबेन म्हणाल्या, एक खिडकी झाली. मला तेव्हा ती फार थोडी वाटली. आता तशी वाटत नाही.

अहवालाची एक प्रत मी नानांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावला, गुजराती अक्षरं बघितली आणि कागद माझ्याकडे दिला. मी तक्ता उलगडून सांगितला. त्यांनी विचारलं, "यामा मी कोठे शे?" मी रंगखात्याच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या चौकटीत एक आकडा होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग मायला हाक मारून तिलाही दाखवलं.

त्यानंतर नाना दोन हिवाळे होते. मी शिकत राहिले, नंतर पाहण्यांच्याच कामाला लागले आणि जन्मभर तेच केलं. शेवटच्या दिवाळीला ते मला गावच्या एसटी थांब्यापर्यंत सोडायला आले, वाटेत तीन वेळा बसले. थांब्यावर कोणी अनोळखी म्हातारा होता, त्याला त्यांनी न विचारताच सांगितलं, "मन्ही पोर शे. लोकेसले इचारानं काम करस." गाडी आली. मी खिडकीशी बसले, ते खाली उभे राहिले, आणि या वेळी गाडी वळेपर्यंत माझ्याकडेच बघत होते.

मी हजारो अनोळखी माणसांना प्रश्न विचारले. त्यांची जेवणं, दुखणी, मुलं, झोप, सगळं विचारलं. पण आमच्याशिवाय गावी काढलेली ती पहिली दोन वर्षं नानांची कशी गेली, संध्याकाळी ते कुठे बसायचे, कोणाशी बोलायचे, आमची आठवण आली की काय करायचे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. त्या चार दिवसांत बांधावर बसून शेंगा फोडताना विचारता आलं असतं. त्यांनी सांगितलंही असतं.